वाचता न येणाऱ्याची रोषणाई

परदेश पाहून आलेल्यांची प्रवासवर्णने आपण आवडीने वाचतो. कोरियाबद्दलच्या अशा लेखनात एक परिच्छेद जवळजवळ ठरलेला असतो. संध्याकाळ होते, लेखक सोलच्या किंवा बुसानच्या एखाद्या गजबजलेल्या रस्त्यावर येऊन उभा राहतो आणि थक्क होतो. इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर पाटी, पाटीवर पाटी. लाल, निळ्या, गुलाबी, हिरव्या. गल्लीच्या तोंडाशी उभ्या टांगलेल्या पाट्या निराळ्याच. छपरांवरून डोकावणारे चर्चचे लालभडक क्रूस. मग 'निऑनचा महासागर', 'रोजचीच दिवाळी' असे शब्द ओघाने येतात आणि परिच्छेद संपतो.

या वर्णनांत खोटे काही नाही. पाहणाऱ्याला जे दिसले ते त्याने लिहिले. तरीही ती वाचताना तीन गोष्टी आम्हांला खटकत राहतात. पहिली, लेखकाला त्या पाट्या वाचता येत नसतात आणि याचा त्याच्या आनंदाशी काय संबंध आहे, हे तो स्वतःला विचारत नाही. दुसरी, ज्याला तो निऑन म्हणतो ते बहुतेक वेळा निऑन नसते. तिसरी, पाटीवरून निघालेला प्रकाश पुढे कुठे जातो, याची चौकशी कोणीच करत नाही.

या तिन्ही गोष्टी तपासायला कोरियाला जाण्याची गरज नाही. अमरावतीचा राजकमल चौक आणि अकोल्याचा गांधी रोड पुरेसा आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही काही शिक्षक आणि नववी-दहावीची मुले या दोन्ही ठिकाणी संध्याकाळी सात ते दहा फिरलो. हातात वही, मोजपट्टी आणि एक जुनी सीडी. त्या फेरफटक्याच्या आधारे हा लेख आहे.

न कळण्यातले सौंदर्य

इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन १९२१ मध्ये अमेरिकेत गेले होते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरची विजेची जाहिरात-रोषणाई पाहून त्यांनी १९२२ च्या आपल्या प्रवासग्रंथात एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. त्याचा आशय असा की, ज्याला वाचता येत नाही अशा भाग्यवंताला ही जागा एखाद्या अद्भुत बागेसारखी वाटेल. शंभर वर्षांनंतरही या विषयावर याहून नेमके फारसे कोणी बोललेले नाही.

कोरियात गेलेल्या मराठी माणसाचे नेमके हेच होते. कोरियन लिपी, हंगुल, राजा सेजोंगच्या काळात तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. तिच्यात २४ मूळ अक्षरे आहेत. ती सुटी न लिहिता एकेका उच्चारापुरती चौकोनी ठोकळ्यात बसवतात. त्यामुळे हंगुल आडवीही लिहिता येते आणि ठोकळ्यावर ठोकळा ठेवून उभीही. कोरियन इमारतीवर उभ्या पाट्या इतक्या सहज उभ्या राहतात त्यामागे लिपीची ही सोय आहे. ज्याला लिपी येत नाही त्याला मात्र वर्तुळे, रेघा आणि चौकोन यांची नक्षी दिसते. त्या नक्षीचा अर्थ 'केस कापून मिळतील', 'तिसऱ्या मजल्यावर दंतवैद्य' किंवा 'गणिताची शिकवणी' असाच काहीसा असतो.

आता उलटे करून पाहू. मराठी न येणारा एखादा परदेशी राजकमल चौकातून जयस्तंभाकडे चालत निघाला तर? त्याला शिरोरेषेला लोंबणारी सोनेरी वळणे दिसतील, निळ्या कडा दिसतील, धावणारे लाल अक्षर दिसेल. तोही घरी जाऊन लिहील की, भारतातल्या या लहानशा शहरात रोज दिवाळी असते. आमच्या मुलांनी त्याच पाट्या वहीत उतरवून घेतल्या. साडी सेंटर, ज्वेलर्स, कोचिंग क्लासेस, मोबाइल शॉपी, हॉस्पिटल, कृषी केंद्र, पुन्हा कोचिंग क्लासेस. एका मुलीने वहीत खाली लिहिले, 'सगळे काहीतरी घ्या म्हणतात.' चेस्टरटनने जे सांगितले त्याची दुसरी बाजू तिला न सांगता सापडली.

म्हणून पहिला मुद्दा असा. परक्याचे डोळे ताजे असतात, हे खरे. पण ज्या पाटीचा अर्थ वगळला आहे तिचे ते वर्णन असते. ते शहराचे चित्र आहे असे मानू नये. निम्मे शहर त्यातून गळालेले असते.

खरे निऑन कुठे आहे?

'निऑन' हा शब्द आपण 'झगझगीत' या अर्थाने वापरू लागलो आहोत. मूळचा निऑन हा एक वायू. विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये लंडनमध्ये द्रवरूप हवेच्या घटकांतून तो वेगळा काढला. 'नवा' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे १८ भाग असतो. नऊ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच असा वर्ग घेतला तर त्याचे आकारमान १८९ घनमीटर, म्हणजे १,८९,००० लिटर होते. त्यात सुमारे ३.४ लिटर निऑन असतो. विद्यार्थी रोज त्यातच बसतात, फक्त तो उजळत नाही.

तो उजळवायचा तर काचेच्या नळीतली हवा काढून टाकावी लागते, अगदी कमी दाबाने निऑन भरावा लागतो आणि दोन टोकांना काही हजार व्होल्टचा दाब द्यावा लागतो. मग धावणारे इलेक्ट्रॉन निऑनच्या अणूंवर आदळतात, अणू ऊर्जा घेतात आणि ती प्रकाशाच्या रूपाने परत देतात. हा प्रकाश नारिंगी-लाल असतो. फ्रान्सच्या जॉर्ज क्लोद यांनी १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात अशा लांब नळ्या लोकांना दाखवल्या आणि पुढे त्यांतून जाहिरातींचा मोठा धंदा उभा राहिला. मात्र निऑन निळा किंवा हिरवा उजळत नाही. निळ्यासाठी आरगॉन आणि पाऱ्याची वाफ, आणि इतर रंगांसाठी नळीला आतून प्रकाशणाऱ्या भुकटीचा लेप लागतो. म्हणजे 'निळा निऑन' हा शब्दप्रयोग रसायनशास्त्राच्या दृष्टीने चुकीचाच.

मग आमच्या बाजारात काय आहे? सीडी तिरपी धरून तिच्यात दिव्याचे प्रतिबिंब पाहिले की प्रकाशाचे रंग सुटे होतात. खऱ्या निऑनचे सुट्या-सुट्या रेघांचे ठसे उमटतात. आम्हांला दोन्ही शहरांत पाट्यांवर एकही तसा ठसा दिसला नाही. पांढऱ्या पाट्यांत सलग पट्टा आणि त्यात निळ्या भागाचा जोर, रंगीत पाट्यांत एकेका रंगाचा पसरट डाग. म्हणजे सगळे एलईडी. काचेच्या नळीसारखी दिसणारी वळणदार अक्षरेसुद्धा मऊ सिलिकॉनच्या आवरणातली एलईडीची पट्टीच निघाली. कोरियातल्या पाट्यांतही आता एलईडीच अधिक आहेत.

हा बदल घडला तो निळ्या एलईडीमुळे. लाल आणि हिरवे एलईडी पूर्वीपासून होते, पण भरपूर उजेड देणारा निळा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साधला. निळ्यावर पिवळी भुकटी चढवून पांढरा प्रकाश मिळू लागला. या कामासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. आज अकोल्याच्या टिळक रोडवरचे लहानसे दुकानही पाटी उजळवू शकते, ते त्यामुळे.

गंमत अशी की खरे निऑन आम्हांला सापडलेच, पण पाटीवर नव्हे. ते एका वायरमनच्या खिशात होते. वीज आहे की नाही हे पाहण्याच्या नेहमीच्या टेस्टरमध्ये जो चिमुकला नारिंगी ठिपका पेटतो, तो निऑनचा दिवा असतो. ज्या वस्तूला 'निऑन' म्हणून प्रवासवर्णने लिहिली जातात तिच्यात निऑन नाही, आणि जिच्यात आहे तिच्याकडे कोणी पाहत नाही. (टेस्टरचे प्रात्यक्षिक शिक्षकांनीच करावे. २३० व्होल्टशी मुलांना खेळू देऊ नये.)

अक्षर किती मोठे हवे?

जाहिरातीची पाटी वाचण्यासाठी असते, असे आपण धरून चालतो. मग ती त्या कसोटीवर तपासू. डोळ्यांच्या दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता आठवा. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून ८.७ मिलिमीटर उंचीचे अक्षर कसेबसे ओळखता येते. त्याच प्रमाणात ६० मीटरवरून ८.७ सेंटिमीटरचे. आपल्या लिपीत काना, मात्रा, रफार, अनुस्वार, जोडाक्षरे असा बारीक तपशील जास्त, शिवाय माणूस चालत किंवा दुचाकीवर असतो. म्हणून उदारपणे तिप्पट धरू. बाजारातला रस्ता १५ मीटर रुंद असेल तर पलीकडच्या फुटपाथवरून वाचायला साडेसहा सेंटिमीटरचे अक्षर पुरते. शंभर मीटरवरून वाचायचे तर सुमारे ४४ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम दीड फूट.

आमच्या मुलांनी दुकानदारांची परवानगी घेऊन जिथे हात पोहोचला तिथे अक्षरे मोजली. बाकीची दाराच्या उंचीशी ताडून पाहिली. कित्येक अक्षरे तीन फुटांच्या पुढची होती. ती वाचण्यासाठी नाहीत हे उघड आहे.

उलट फार उजेडाने वाचणे अवघड होते. प्रखर रेघेभोवती डोळ्यात तेजोवलय पसरते आणि बारीक तपशील त्यात बुडतात. पहिला बळी अनुस्वाराचा. एका पाटीवरचे 'भांडार' रस्त्यापलीकडून 'भाडार' दिसत होते आणि दुसरीवरच्या 'मंदिर' या शब्दाचा ठिपका शिरोरेषेच्या झगमगाटात पार नाहीसा झाला होता. लिपीवर प्रेम असणाऱ्याने याची काळजी करावी. महाराष्ट्रात २०२२ मध्ये दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन देवनागरी मराठी पाटी सर्व दुकानांना लागू झाली, आणि इतर लिपीपेक्षा मराठी अक्षर लहान नसावे असेही ठरले. ते योग्यच झाले. पण अक्षराची लिपी आणि आकार मोजणाऱ्या या नियमात त्याचे तेज मोजलेले नाही. मराठी अक्षर मोठे झाले, पण नीट वाचता येत नसेल तर मराठीला काय मिळाले?

शेजाऱ्याच्या दिव्यापेक्षा

मग दुकानदार एवढा खर्च का करतो? एका कापडदुकानाच्या मालकांनी सरळ उत्तर दिले, 'बाजूच्यानं लावला, मंग आम्हालेबी लावा लागला.' यात शरीरशास्त्राचा एक जुना नियम दडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ वेबर यांनी दाखवले की, आपल्या ज्ञानेंद्रियांना दोन गोष्टींतली वजाबाकी जाणवत नाही, गुणोत्तर जाणवते. अंधारात एक पणतीही डोळ्यांत भरते. झगमगाटात तेवढेच लक्ष वेधायला कितीतरी पट उजेड लागतो. आणि सगळ्यांनी आपापला उजेड दुप्पट केला की गुणोत्तर पुन्हा होते तेवढेच. लक्ष कोणाकडेच जास्त जात नाही. सभेत सगळे एकदम ओरडू लागल्यासारखे ते होते.

नुकसान मात्र रस्त्यावरच्याचे होते. प्रखर पाटीकडे पाहून बाहुली आकसते, आणि लगेच पुढची अंधारी जागा अधिकच काळी भासते. जवाहर गेटजवळ आमच्यातले एक शिक्षक उजळलेल्या दुकानापुढून चार पावले गेले आणि उघड्या नालीच्या काठावर अडखळले. नालीवर दिवा नव्हता, पाटीवर होता. कोरियाच्या रोषणाईची वर्णने वाचताना आम्हांला आता हा प्रश्न पडतो की, लेखकाच्या पायाखाली काय होते?

पाखरे आणि तारे

जूनमधल्या पहिल्या पावसानंतरची संध्याकाळ वऱ्हाडात सर्वांच्या परिचयाची आहे. दिवा लागला की पाखरांचा थवा येतो. त्या दिवशी अकोल्याच्या गांधी रोडवर आठ वाजताच बऱ्याच पाट्या अंधारल्या होत्या. आम्हांला वाटले वीज गेली. एका मिठाईवाल्याने सांगितले, 'पाखरं येतेत नं सर, मंग बंदच करा लागते.' ज्या व्यापाऱ्याला पाटीवाचून धंदा होत नाही असे वाटते, तोच पाखरांमुळे ती बंद करतो आणि गिऱ्हाईक तरीही येतच राहते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पाखरू दिव्यावर झेपावते असे आपण कवितेत म्हणतो. २०२४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी वेगळेच दिसले. उडणारे अनेक कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. निसर्गात रात्रीचा उजेड वरून, आकाशातून येतो, त्यामुळे या सवयीने त्यांचा तोल सांभाळला जातो. दिवा बाजूला किंवा खाली आला की ते पाठ तिकडे वळवत राहतात आणि घिरट्यांत अडकतात. म्हणजे तो मोह नसून दिशाभूल आहे. कापसाच्या मुलखात हा विषय परका नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने केलेली हानी अनेक विद्यार्थ्यांच्या घरी आजही आठवते. त्या अळीचा पतंगही रात्रीच फिरतो. शेतात आपण प्रकाशसापळा लावतो तेव्हा उजेडाने कीटकांचे काय होते हे आपल्याला ठाऊक असते. बाजारातली प्रत्येक पाटी असाच एक सापळा आहे, फक्त तो मित्रकीटक आणि शत्रुकीटक असा भेद करत नाही.

आणि तारे. जगभरच्या हजारो हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या नोंदींवरून २०२३ मध्ये असा निष्कर्ष निघाला की, रात्रीचे आकाश सरासरी दरसाल सुमारे ९.६ टक्क्यांनी उजळत चालले आहे. संशोधकांनी त्याचा अर्थ सोपा करून सांगितला. ज्या ठिकाणी मूल जन्मले तेव्हा २५० तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचे होईल तेव्हा १०० च्या आसपास उरतील. आमच्या दहावीच्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी आकाशगंगा प्रथम पाहिली ती चिखलदऱ्याच्या सहलीत. एकाने विचारले, 'सर, ढग आला का?'

दुसरी बाजू

इथे आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ज्या भागाने बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले, त्याने उजेडावर रुसावे का? बाजारातला उजेड बायाबापड्यांना रात्री निर्धास्त चालू देतो, त्याचे काय? आम्ही हा मुद्दा मान्य करतो. विजेच्या नासाडीचा मुद्दाही ताणू नये. मीटरला १० वॅट धरले तर वीस मीटर एलईडी पट्टी २०० वॅट खाते, पाच तासांत एक युनिट. पाच अश्वशक्तीचा शेतपंप तासाभरात त्याच्या सुमारे चौपट घेतो. पाट्या विझवून शेतकऱ्याची रात्रपाळी संपेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

आमची तक्रार उजेडाच्या दिशेबद्दल आणि वेळेबद्दल आहे. उजेड पायाखाली पडावा, आभाळात आणि समोरच्या घराच्या खिडकीत नव्हे. दुकान बंद झाल्यावर पाटीने जागे राहू नये. रंग शक्यतो पिवळसर असावा, कारण निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो आणि कीटकांनाही अधिक भुलवतो.

नवल म्हणजे हे ज्यांनी ओळखले त्यांत कोरियाच पुढे आहे. २०१६ च्या एका जागतिक नकाशात मोठ्या अर्थव्यवस्थांपैकी इटली आणि दक्षिण कोरिया सर्वाधिक प्रकाशदूषित ठरले. त्याआधीच, २०१२ मध्ये, कोरियाने प्रकाशप्रदूषणाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि तो २०१३ पासून लागू झाला. निसर्गाचा, शेतीचा, वस्तीचा आणि बाजाराचा असे चार प्रकारचे विभाग पाडून प्रत्येकाला उजेडाची वेगवेगळी मर्यादा घालण्याची तरतूद त्यात आहे. त्याच देशाने २०१६ मध्ये सोलच्या एका व्यापारी भागात भव्य जाहिरात-पडद्यांना मुद्दाम मोकळीकही दिली. म्हणजे झगमगाट कुठे हवा आणि कुठे नको, यावर त्या समाजाने विचार केला. रस्त्यावर उभे राहून थक्क झालेल्या प्रवाशाला तो विचार दिसत नाही, कारण तोही त्याला न येणाऱ्या लिपीतच लिहिलेला असतो.

आपल्या विदर्भातही सुरुवात झाली आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या गावांतले दिवे खाली झुकवलेले आहेत, विझवलेले नाहीत.

शिक्षकांनी येत्या हिवाळ्यात एक करून पाहावे. डिसेंबर ते फेब्रुवारीत, अमावास्येच्या आसपास, रात्री नऊला मृग नक्षत्राचा चौकोन शोधावा. त्याच्या एका कोपऱ्यात तांबूस काक्षी, समोरच्या कोपऱ्यात निळसर राजन्य. चौकोनाच्या आत किती तारे दिसतात ते मुलांना मोजायला सांगावे. काही मुलांनी राजकमल चौकातून किंवा गांधी रोडवरून, काहींनी शाळेच्या मैदानावरून, आणि खेड्यातून येणाऱ्यांनी आपल्या अंगणातून. दुसऱ्या दिवशी आकडे फळ्यावर मांडावेत. खेड्यातल्या मुलाचा आकडा सर्वांत मोठा असेल, आणि आपल्याकडे शहरापेक्षा काहीतरी जास्त आहे हे त्या दिवशी त्याला फळ्यावर दिसेल.